शून्यावर एक रेघ

दुर्बीण मी एवोराच्या चष्मेवाल्याकडून घेतली,
तो दुकान मोडत होता म्हणून.
साठ मिलिमीटरची काच, पांढरी लांब नळी,
आणि तिकाटणं असं, की कुणी शिंकलं
तरी अख्खं आकाश थरथरायचं.

खळ्यावर मांडली. जुलै, नव्वद साल.
चूल विझल्यावर तवा राहतो
तसे दगड अजून कोमट.
बुचाच्या ओकांची साल काढायचे दिवस;
टोळी त्या रात्री मळ्यावरच थांबलेली.
लसूण चोळलेला पाव, कलिंगडाच्या फोडी,
आणि एक कुत्री, जिला कुणी नाव दिलं नव्हतं.

अभिजित डोक्यावर आला. तो कुणालाच नको होता.
"चांदणी नळीतूनही चांदणीच दिसते,"
देओलिंदा म्हणाली, "मग एवढा खटाटोप कशाला?"
खरंच होतं तिचं.
मी हंसाच्या चोचीतला जोडतारा लावून दिला,
एक मधाचा, एक निळा.
"हं," म्हणाली. फोड संपवून, हात पुसून:
"परत बघू दे."

मग ओकांच्या शेंड्यांवर शनी.
मसुरीच्या दाण्याएवढा, भोवती कडं,
इतकं नेमकं, की झिल्दाची पोर
नळीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन आली,
काचेवर कुणी चित्र चिकटवलंय का बघायला.

हात लावू नका, मी सांगत होते,
श्वाससुद्धा बाजूला सोडा.
तो थांबत नाही. दीड मिनिटात काठाशी जातो,
मग नाहीसा.
खरं तर जातो आपणच, जमीन वळते;
पण तेव्हा कलिंगड चाललं होतं, कोण ऐकणार.

बेल्मिरु सगळ्यांच्या शेवटी.
कुऱ्हाड सालीत किती जाऊ द्यायची
ते त्याला आवाजावरून कळायचं;
चाळीस वर्षांत आतल्या कातडीला
एक ओरखडा नाही.
टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.
डोळा लावला. बराच वेळ.
"दिसतंय?"
"दिसतंय. कडं आहे. छान आहे."

तो बाजूला झाला, मी वाकले.
रिकामं काळं वर्तुळ.
शनी केव्हाच निघून गेलेला,
आणि कंदिलापाशी बघितलं तर
बेल्मिरुच्या उजव्या डोळ्यात
दूध सांडल्यासारखं काहीतरी.
मी स्क्रू फिरवून शनी पुन्हा मध्ये आणला.
त्याला पुन्हा बोलावलं नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

त्यानेच विचारलं, "याचा एक फेरा किती वर्षांचा?"
"एकोणतीस, वर थोडं."
बोटांवर मोजलं: नऊ, अठरा, सत्तावीस.
"म्हणजे तीन साली. चौथी कोवळी."
मग म्हणाला, "धीराचा आहे."

दुसऱ्या दिवशी सोललेल्या खोडांवर
तो नेहमीसारखा पांढऱ्या रंगाने
सालाचा शेवटचा आकडा घालत गेला.
नव्वद, म्हणून शून्य.
लाल ओल्या खोडांवर शून्य, शून्य, शून्य.
विहिरीजवळच्या झाडाशी थांबला,
शून्यावरून एक आडवी रेघ ओढली
आणि पुढे गेला.
मुकादम ओरडला, आकडा बिघडवलास.

रेघ तिरकी होती.
कडंही त्या रात्री तिरकं होतं.
हे त्याला कुणी सांगितलं होतं का,
देओलिंदाने, पोरीने?
मला आठवत नाही.

नव्याण्णवला ते झाड पुन्हा सोललं.
रेघ सालीबरोबर गेली: उकळली, कापली,
कुठल्याशा बाटलीच्या तोंडात बसली.
कुणीतरी फट्‌दिशी उघडलीही असेल, लग्नात वगैरे.

तीस उन्हाळे. शनी पुन्हा त्याच शेंड्यांवर,
थोडा पुढे सरकून.
तिकाटण्याचा एक पाय दोरीने बांधलाय.
विहिरीजवळच्या झाडावर आता सात.
बेल्मिरु गेला त्या साली आकडा कुठला होता,
मोजायला गेले तर चुकते.

तो काठाशी आला.
मी स्क्रू फिरवत नाही.